हौशी टेबल टेनिसमधील गुणांकनाची अचूकता आणि न्याय्यता

हौशी टेबल टेनिसमधील गुणांकन म्हणजे स्पर्धात्मक सामन्यांच्या निकालांवरून खेळाडूच्या ताकदीचा काढलेला आणि एका संख्येत मांडलेला अंदाज होय. मराठी क्रीडाव्यवहारात यासाठी 'रेटिंग' हा शब्दही रूढ आहे. स्पर्धेत कोणी कोणत्या गटात खेळावे, अग्रमानांकन कोणाला द्यावे, सांघिक सामन्यात खेळाडूंचा क्रम कसा लावावा आणि क्लबमधील हँडिकॅप सामन्यात दुबळ्या खेळाडूला किती गुणांची आघाडी द्यावी, हे ठरवण्यासाठी गुणांकनाचा उपयोग होतो.

गुणांकन पद्धतीची परीक्षा दोन कसोट्यांवर केली जाते. पहिली कसोटी अचूकतेची : ही संख्या पुढील सामन्यांचे निकाल कितपत बरोबर वर्तवते? दुसरी न्याय्यतेची : खेळाडूला मिळणारे किंवा त्याने गमावलेले अंक त्याच्या स्वतःच्या खेळाला धरून आहेत का? या दोन कसोट्या परस्परांशी संबंधित असल्या, तरी एक नाहीत. गुणांकन हा मुळात अंदाज आहे. मात्र त्यावर प्रवेश, पारितोषिके आणि प्रतिष्ठा अवलंबून राहू लागली की खेळाडू त्याकडे मिळकत म्हणून पाहू लागतात. हौशी खेळातील गुणांकनाविषयीचे बहुतेक वाद या दुहेरी भूमिकेतून उद्भवतात.

या लेखात टेबलावर जिंकलेल्या गुणाला 'गुण' आणि गुणांकनाच्या एककाला 'अंक' असे म्हटले आहे.

क्रमवारी आणि गुणांकन यांतील फरक

क्रमवारी ही बहुधा संचयी असते. खेळाडू स्पर्धेत कोणत्या फेरीपर्यंत पोहोचला यावरून त्याला ठरावीक गुण मिळतात आणि त्यांच्या बेरजेवरून त्याचे स्थान ठरते. अधिक स्पर्धा खेळणाऱ्यास गुण मिळवण्याची अधिक संधी मिळते. पराभवामुळे आधीचे गुण कमी होत नाहीत. आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाची जागतिक क्रमवारी जानेवारी २०१८ पासून ठरावीक कालावधीतील सर्वोत्तम निकालांच्या बेरजेवर आधारलेली आहे. त्यापूर्वीच्या पद्धतीत प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीनुसार अंकांची देवघेव हा मुख्य भाग होता.

गुणांकनात मात्र प्रत्येक सामन्याचा निकाल प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीशी ताडून पाहिला जातो. बलाढ्य खेळाडूला हरवल्यास पुष्कळ अंक मिळतात, दुबळ्याला हरवल्यास अगदी थोडे मिळतात आणि पराभव झाल्यास अंक कमी होतात. क्रमवारी 'काय कमावले' हे सांगते, तर गुणांकन 'आज ताकद किती असावी' हे सांगण्याचा प्रयत्न करते.

इतिहास

आधुनिक गुणांकन पद्धतींचा उगम बुद्धिबळात आहे. हंगेरीत जन्मलेले अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर्पाद एलो (१९०३–१९९२) यांनी मांडलेली पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने (फिडे) १९७० मध्ये स्वीकारली. दोन खेळाडूंच्या गुणांकनांतील फरकावरून विजयाची शक्यता काढावी आणि प्रत्यक्ष निकाल त्या अपेक्षेपेक्षा जितका वेगळा, तितके अंक बदलावेत, हे या पद्धतीचे मूलतत्त्व आहे.

संख्याशास्त्रज्ञ मार्क ग्लिकमन यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या 'ग्लिको' पद्धतीत गुणांकनासोबत त्याची अनिश्चितताही नोंदवली जाते. टेबल टेनिसच्या क्षेत्रात डेव्हिड मार्कस यांनी २००१ मध्ये 'द स्टॅटिस्टिशियन' या नियतकालिकात नव्या पद्धतीचे विवेचन प्रसिद्ध केले. 'रेटिंग्ज सेंट्रल' या गुणांकन सेवेत हीच पद्धत वापरली जाते.

प्रचलित पद्धती

अमेरिका

'यूएसए टेबल टेनिस' या संस्थेच्या स्पर्धा गुणांकनाचा पाया म्हणजे अंकांच्या देवघेवीचा तक्ता होय. सामन्यापूर्वी दोघांच्या गुणांकनांत जो फरक असेल, त्यावरून विजेत्याला मिळणारे आणि पराभूताचे कमी होणारे अंक ठरतात.

| गुणांकनांतील फरक | अपेक्षित निकाल लागल्यास | अनपेक्षित निकाल लागल्यास |
|---|---|---|
| ०–१२ | ८ | ८ |
| १३–३७ | ७ | १० |
| ३८–६२ | ६ | १३ |
| ६३–८७ | ५ | १६ |
| ८८–११२ | ४ | २० |
| ११३–१३७ | ३ | २५ |
| १३८–१६२ | २ | ३० |
| १६३–१८७ | २ | ३५ |
| १८८–२१२ | १ | ४० |
| २१३–२३७ | १ | ४५ |
| २३८ व अधिक | ० | ५० |

तक्त्यात शक्यतेचा उल्लेख नसला, तरी ती त्यात गृहीत धरलेली आहे. १०० अंकांचा फरक असताना वरचढ खेळाडूला विजयाचे ४ अंक मिळतात आणि पराभवाने त्याचे २० अंक जातात. त्याचे गुणांकन स्थिर राहण्यासाठी त्याने दर ६ पैकी ५ सामने, म्हणजे सुमारे ८३ टक्के सामने जिंकले पाहिजेत.

जर्मनी

जर्मन टेबल टेनिस महासंघाच्या 'टीटीआर' पद्धतीत तक्त्याऐवजी एलो प्रकारचे सूत्र वापरले जाते. 'फ' हा दोघांच्या गुणांकनांतील फरक मानल्यास, वरचढ खेळाडूच्या विजयाची शक्यता १ ÷ (१ + १०^(−फ÷१५०)) इतकी धरली जाते. बुद्धिबळात याच जागी १५० ऐवजी ४०० हा आकडा असतो. त्यामुळे १०० अंकांच्या फरकाचा अर्थ बुद्धिबळात सुमारे ६४ टक्के, तर जर्मन टेबल टेनिसमध्ये सुमारे ८२ टक्के विजय असा होतो.

प्रत्यक्ष विजय आणि अपेक्षित विजय यांतील फरकाला सर्वसाधारणपणे १६ ने गुणून अंकांतील बदल काढला जातो. तरुण आणि नवोदित खेळाडूंसाठी हा गुणक मोठा असतो, कारण त्यांची ताकद झपाट्याने बदलते. ११ फेब्रुवारी, ११ मे, ११ ऑगस्ट आणि ११ डिसेंबर या चार तारखांचे गुणांकन अधिकृत कामकाजासाठी धरले जाते. लीग सामन्यांसाठी संघातील खेळाडूंचा क्रम त्यावरून तपासला जातो. क्लबने आपला सर्वांत बलवान खेळाडू मुद्दाम खालच्या क्रमांकावर उतरवून सोपे विजय मिळवू नयेत, हा त्यामागील हेतू आहे.

फ्रान्स

फ्रान्समध्ये नवोदित खेळाडूची सुरुवात ५०० अंकांपासून होते. तेथील तक्ता सममित नाही. गुणांकनांतील फरक २५ पेक्षा कमी असल्यास विजेत्याला ६ अंक मिळतात, परंतु पराभूताचे ५ च अंक कमी होतात. स्पर्धेच्या दर्जानुसार या आकड्यांना एका गुणकाने गुणले जाते. अशा सामन्यांतून एकूण व्यवस्थेत थोडे नवे अंक येत राहतात. त्याचे कारण 'अंकांची चणचण' या विभागात स्पष्ट केले आहे.

बेजीय पद्धत

मार्कस यांच्या पद्धतीत खेळाडूची ताकद एका संख्येने नव्हे, तर संभाव्यता वितरणाने दर्शवली जाते. प्रत्येकाच्या नावापुढे सरासरी आणि प्रमाण विचलन असे दोन आकडे असतात. नियमित खेळणाऱ्याचे प्रमाण विचलन लहान असते. नवोदिताचे किंवा दीर्घ खंडानंतर परतलेल्याचे मोठे असते. ज्याच्याविषयी माहिती कमी आहे, त्याचे गुणांकन एका निकालाने बरेच हलते. ज्याची ताकद चांगली ठाऊक आहे, त्याचे फारसे हलत नाही.

अचूकतेच्या मर्यादा

सामन्यातील योगायोग

१ सप्टेंबर २००१ पासून टेबल टेनिसमधील गेम २१ ऐवजी ११ गुणांचा झाला. गेम जितका लहान, तितका योगायोगाला अधिक वाव मिळतो. एखादा खेळाडू प्रतिस्पर्ध्याविरुद्ध दर १०० पैकी ५५ गुण जिंकण्याच्या ताकदीचा असेल आणि प्रत्येक गुण स्वतंत्र मानला, तर तो ११ गुणांचा गेम सुमारे ६९ टक्के वेळा आणि पाच गेमचा सामना सुमारे ८२ टक्के वेळा जिंकेल. दर १०० पैकी ५२ गुण जिंकणारा खेळाडू तोच सामना सुमारे ६४ टक्के वेळाच जिंकेल. म्हणजे तीनपैकी एका सामन्यात किंचित दुबळा खेळाडू विजयी होईल. अशा पराभवात वरचढ खेळाडूचे काही चुकलेच असेल असे नाही.

हाच योगायोग गुणांकनात उतरतो. ताकदीत आणि गुणांकनात तंतोतंत बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्यांशी १० सामने झाले, तर निव्वळ योगायोगाने ७ किंवा अधिक सामने जिंकण्याची अथवा तितकेच हरण्याची एकत्रित शक्यता सुमारे ३४ टक्के असते. सर्व सामने एकत्र मोजल्यास १० पैकी ७ विजयांमुळे जर्मन सूत्रानुसार गुणांकन ३२ अंकांनी वाढते. याचा अर्थ, ज्याच्या खेळात काहीही बदल झालेला नाही, त्याचेही गुणांकन अशा दर तीनपैकी एका मालिकेत किमान ३२ अंकांनी वर किंवा खाली जाऊ शकते. म्हणून १५१० आणि १५३० या दोन गुणांकनांतील फरकाला फारसा अर्थ नसतो.

सामन्यांची अल्प संख्या

व्यावसायिक खेळाडू वर्षभर खेळत असतो. हौशी खेळाडू मात्र नोकरी, शिक्षण आणि घर सांभाळून वर्षातून मोजक्याच स्पर्धा खेळतो. दोन स्पर्धांमधील काळात तो सुधारलेला असू शकतो, तसाच दुखापतीने मागेही पडलेला असू शकतो. अनिश्चिततेची नोंद न ठेवणाऱ्या गुणांकनात हे दिसत नाही. छापलेली संख्या दोन्ही प्रसंगी सारख्याच ठामपणे समोर येते.

विलग गट

गुणांकन केवळ आपसांत खेळणाऱ्या खेळाडूंची तुलना करू शकते. एखाद्या गावातील क्लबचे खेळाडू वर्षानुवर्षे एकमेकांशीच खेळत राहिले, तर त्यांच्यातील क्रम बरोबर लागतो, परंतु बाहेरच्या खेळाडूंच्या तुलनेत सगळाच गट प्रमाणाबाहेर वर किंवा खाली असू शकतो. दोन गटांना जोडणारे सामने जितके थोडे, तितकी ही चूक उशिरा लक्षात येते. दोन देशांची गुणांकने तर स्वतंत्र मापांवर असतात. अमेरिकेतील १५०० आणि जर्मनीतील १५०० यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही.

खेळाची शैली

एकच संख्या वापरणाऱ्या पद्धतीत असे गृहीत असते की अ हा ब पेक्षा आणि ब हा क पेक्षा बलवान असेल, तर अ हा क पेक्षा बलवान असणारच. टेबल टेनिसमध्ये हे नेहमी खरे ठरत नाही. लांब पिंपल्सच्या किंवा अँटिस्पिन रबराने खेळणाऱ्यासमोर चेंडूची फिरकी अनपेक्षितपणे परत येते. त्याचा सराव नसलेले हौशी खेळाडू आपल्याहून कमी गुणांकनाच्या अशा प्रतिस्पर्ध्याकडून वारंवार हरतात. डावखुऱ्या खेळाडूंबाबत आणि टेबलापासून दूर राहून बचाव करणाऱ्यांबाबतही असा अनुभव येतो. एका संख्येत ही माहिती मावत नाही.

न्याय्यतेचे प्रश्न

झपाट्याने सुधारणारे खेळाडू

हौशी खेळातील एक तक्रार लहान मुलांसंबंधी आहे. समजा, नियमित प्रशिक्षण घेणाऱ्या एका मुलीचे गुणांकन १००० आहे. मात्र मागील सहा महिन्यांत तिची खरी ताकद १३०० पर्यंत पोहोचली आहे. तिने १२२५ गुणांकनाच्या प्रौढ खेळाडूला हरवले. वरील तक्ता जसाच्या तसा लावल्यास २२५ अंकांच्या फरकामुळे त्या प्रौढाचे ४५ अंक जातात. वास्तविक तो आपल्यापेक्षा बलवान प्रतिस्पर्ध्याकडून हरला आहे. त्याच्या खेळात उणीव नव्हती. उणीव मुलीच्या जुन्या गुणांकनात होती.

यावर अमेरिकन पद्धतीत सुधारित गुणांकनाचा उपाय आहे. स्पर्धेतील सर्व सामन्यांची प्रथम एकदा गणना होते. त्यात ज्याला ५० हून अधिक अंक मिळतात, त्याचे मूळ गुणांकन कालबाह्य मानून वाढवले जाते आणि मग सर्व खेळाडूंची गणना नव्याने केली जाते. वरील उदाहरणात मुलीचे गुणांकन १३०० धरले गेले, तर फरक ७५ अंकांचा होतो, तोही तिच्या बाजूने, आणि प्रौढाचे केवळ ५ अंक कमी होतात. न्याय्यतेसाठी केलेला हा बदल अचूकताही वाढवतो. मात्र तो एका स्पर्धेतील लक्षणीय वाढीवर अवलंबून आहे. प्रत्येक स्पर्धेत थोडे थोडे वर चढणाऱ्या मुलाला तो लागू होत नाही आणि त्याच्याशी खेळणारे प्रत्येक वेळी थोडे अंक गमावत राहतात.

मोठ्या फरकाचे सामने

तक्त्याच्या तळाशी आणखी एक असमतोल आहे. २३८ किंवा अधिक अंकांचा फरक असल्यास वरचढ खेळाडूला विजयाने काहीही मिळत नाही, पण पराभवाने ५० अंक जातात. १५० अंकांच्या फरकाला २ आणि ३० हे आकडे पाहता त्याने १६ पैकी १५ सामने, म्हणजे जवळजवळ ९४ टक्के सामने जिंकावेत अशी अपेक्षा आहे. वरचढ खेळाडूंच्या प्रत्यक्ष विजयांचे प्रमाण याहून कमी असेल, तर दुबळ्यांशी वारंवार खेळणारा बलवान खेळाडू आपली ताकद टिकवूनही हळूहळू अंक गमावतो. अशा वेळी नवोदितांबरोबर खेळायला तयार होणाऱ्यालाच त्याची किंमत मोजावी लागते.

अंक राखणे आणि मुद्दाम हरणे

गुणांकनावर काही अवलंबून असले की खेळाडूंचे वर्तन बदलते. हे दोन विरुद्ध दिशांनी घडते. काही खेळाडू उच्च गुणांकन गाठल्यावर ते टिकवण्यासाठी स्पर्धा टाळतात किंवा सुधारणाऱ्या मुलांचा सहभाग असलेल्या गटात नाव देत नाहीत. याउलट, '१२०० पेक्षा कमी' किंवा '१५०० पेक्षा कमी' अशा मर्यादित गटांत पारितोषिक असल्यास काही जण जाणूनबुजून सामने हरून गुणांकन मर्यादेखाली ठेवतात. पहिल्या प्रकारात गुणांकन शिळे होते, दुसऱ्यात खोटे होते. दोन्हीचा फटका इतरांना बसतो : मर्यादित गटात प्रामाणिकपणे उतरलेल्या खेळाडूला आपल्याहून बऱ्याच वरच्या दर्जाचा प्रतिस्पर्धी मिळतो.

नव्या, गुणांकन नसलेल्या खेळाडूंमुळेही असाच प्रश्न उभा राहतो. अन्य देशातून आलेला अनुभवी खेळाडू कागदोपत्री नवोदितच असतो. त्यामुळे काही स्पर्धांत गुणांकन नसलेल्यांना मर्यादित गटात खेळू दिले, तरी पारितोषिक किंवा बाद फेरीतील प्रवेश दिला जात नाही. या नियमाने इतरांचे संरक्षण होते. खऱ्या नवोदितावर मात्र काहीसा अन्याय होतो.

अंकांची चणचण

विजेत्याला मिळणारे अंक आणि पराभूताने गमावलेले अंक समान असतील, तर व्यवस्थेतील अंकांची बेरीज स्थिर राहते. खेळाडू मात्र बदलत असतात. नवोदित कमी अंकांनी येतो, शिकतो, इतरांकडून अंक मिळवतो आणि खेळ सोडताना ते बरोबर घेऊन जातो. परिणामी उरलेल्यांचे सरासरी गुणांकन, ताकद तीच असूनही, घटत जाते. याला गुणांकनाची घसरण म्हणतात. फ्रान्सचा असममित तक्ता आणि अमेरिकेतील सुधारित गुणांकन हे नवे अंक आत आणण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत. प्रमाणापेक्षा अधिक अंक आल्यास उलट परिणाम होऊन गुणांकने फुगतात आणि दहा वर्षांपूर्वीच्या आकड्याशी आजच्या आकड्याची तुलना निरर्थक ठरते.

पद्धतींमधील निवड

सर्व बाबतींत सरस अशी पद्धत नाही. तक्त्यावर आधारलेली पद्धत कोणालाही कागद-पेन्सिलीने पडताळता येते. आपले ८ अंक का गेले हे खेळाडूला स्वतः पाहता येते आणि हा पारदर्शकपणाही न्याय्यतेचाच भाग आहे. बेजीय पद्धत उपलब्ध माहितीचा अधिक चांगला उपयोग करते, परंतु तिची गणना संगणकाशिवाय शक्य नसते. आपल्यापेक्षा कमी फरकाने हरलेल्याचे अंक अधिक का गेले, हे सामान्य खेळाडूला समजावून सांगणे कठीण जाते.

गुणकाची निवडही अशीच दुधारी असते. मोठा गुणक सुधारणाऱ्या खेळाडूला लवकर योग्य जागी नेतो, पण स्थिर खेळाडूचे गुणांकन योगायोगाने हेलकावे खाते. लहान गुणकाने स्थैर्य मिळते, पण खरा बदल उशिरा दिसतो. वय आणि खेळलेल्या सामन्यांची संख्या यांनुसार गुणक बदलणे, ही जर्मनीने स्वीकारलेली मधली वाट आहे.

भारतातील स्थिती

भारतात टेबल टेनिस फेडरेशन ऑफ इंडियाच्या राष्ट्रीय मानांकन स्पर्धा आणि महाराष्ट्रासह विविध राज्यांतील राज्य व जिल्हा मानांकन स्पर्धा संचयी तत्त्वावर चालतात. खेळाडू ज्या फेरीपर्यंत पोहोचतो, तिच्यानुसार गुण मिळतात आणि त्यांवरून वयोगटनिहाय क्रमवारी लागते. मराठी वृत्तपत्रांत 'मानांकन' हा शब्द या क्रमवारीसाठी आणि अग्रमानांकनासाठीही वापरला जातो; या लेखातील गुणांकनाहून तो वेगळा आहे.

संचयी पद्धतीत हरल्याने गुण जात नसल्यामुळे खेळाडू स्पर्धा टाळत नाहीत, हा तिचा लाभ होय. परंतु प्रवासाचा व निवासाचा खर्च न परवडणारा खेळाडू कितीही बलवान असला, तरी यादीत मागे राहतो. पहिल्याच फेरीत अव्वल खेळाडूशी गाठ पडून चुरशीने हरलेल्याला आणि सोप्या गटात त्याच फेरीत हरलेल्याला समान गुण मिळतात. गुणांकन पद्धतीत या दोन पराभवांची किंमत वेगवेगळी ठरते. केवळ क्लबमध्ये किंवा कार्यालयीन स्पर्धांत खेळणाऱ्या हौशी खेळाडूंची ताकद अशा क्रमवारीत नोंदलीच जात नाही.

गुणांकनाचा अर्थ

गुणांकनाचे आकडे अखेरच्या अंकापर्यंत दिलेले असल्याने ते वजनकाट्याच्या मापासारखे नेमके भासतात; प्रत्यक्षात प्रत्येक आकड्याभोवती अनिश्चिततेचा पट्टा असतो. गट पाडणे आणि बरोबरीचे सामने जुळवणे यांसाठी ही अचूकता पुरेशी असते, कारण तेथे काही दशक अंकांची चूक खपून जाते. एखाद्या मर्यादेच्या अलीकडे-पलीकडे असण्यावर पारितोषिक किंवा निवड ठरत असेल, तर तीच चूक निर्णायक बनते. त्यामुळे एखादी पद्धत न्याय्य आहे की नाही, हे तिच्या गणितावरून जितके ठरते, तितकेच त्या आकड्यावर कोणते निर्णय सोपवले आहेत यावरूनही ठरते.